तिम्मक्काची ओळ

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी बंगळुरूतल्या त्या कचेरीत सगळेच झाडझूड करत होते. वारिजानं आपलं टेबल पुसलं आणि त्याच झपाट्यात डिस्कांच्या भल्यामोठ्या कपाटातली एक जागाही पुसून टाकली. तिथल्या प्रत्येक सर्व्हरवर एजंट नावाचा छोटा प्रोग्राम असतो. 'मी आहे, ही जागा माझी,' एवढंच तो कपाटाला सांगत राहतो. तो गप्प झाला की आधी सर्व्हरच्या मालकाला फोन करायचा असतो. वारिजानं केला नाही. म्हटलं, सर्व्हरच मेलेला दिसतोय.

सर्व्हर जिवंत होता, फक्त एजंट बंद पडला होता. शिरसीकडच्या तिम्मक्कानं गायलेली भातलावणीची गाणी त्या जागेत होती. दुसरी प्रत नव्हती, आणि तिम्मक्काही उरली नव्हती. तिची मुलगी नागम्मा एवढंच म्हणाली, "असू दे गं बाई. तू काय मुद्दाम केलंस?" ते वारिजाच्या जिव्हारी लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाणीच नाहीत तर सर्व्हर कशाला, म्हणून तोही भंगारात गेला. दिवाळीनंतर त्याचा एजंट पुन्हा बोलू लागला.

"भंगारवाल्यानं चालू केला असेल," शेजारचा चंद्रप्पा हसला.

"पण आपल्या कपाटाला न जोडता बोलेल कसा?" वारिजानं विचारलं.

चंद्रप्पा खुर्ची सरकवून तिच्या स्क्रीनवर वाकला.

पुसलेली जागा भरत होती. वारिजानं उघडून ऐकलं, तर गाणी! तिला रडूच फुटलं. तिनं नागम्माला बोलावून घेतलं.

गाण्यात बायकांची झील होती, पण त्यांच्या आधी ओळ म्हणणारी तिम्मक्का नव्हती. तिच्या जागी शांतता, मग झील.

"अव्वाची ओळ तेवढी गेली वाटतं," म्हणत नागम्मानं आईची ती ओळ स्वतःच गुणगुणली. गाण्यातल्या बायकांनी लगेच उचलली. नागम्मा खुलली, गाणं संपेपर्यंत गात राहिली. जाताना तिनं वारिजाच्या गालावरून हात फिरवला. कित्येक दिवसांनी वारिजाला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच गाणं लावलं. आता मध्ये शांतता नव्हती. तिथे नागम्मा गात होती. आदल्या दिवशी कुणी काही रेकॉर्ड केलं नव्हतं.

तिनं नागम्माला फोन लावला. सुनेनं उचलला.

"अत्तेंचा आवाज गेलाय हो अक्का, सकाळपासून. ओठ हलतात नुसते. डॉक्टर म्हणतात, घशात काहीच नाही."

वारिजाचा हात पुसायच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थिजला. आता पुसायचं म्हणजे नागम्माचा आवाजही पुसायचा.

पुढचं गाणं आपोआप सुरू झालं.

पहिल्या ओळीच्या जागी शांतता. बायका थांबल्या होत्या. त्यांचे श्वास ऐकू येत होते.

वारिजानं तोंडावर हात दाबून धरला. हे गाणं तिनं कधीच ऐकलं नव्हतं. तरी ओळ तिच्या जिभेवर आली होती.