वरच्या सप्तकातला हात

भर दुपारीच अंधारून आलं, तशी रग्नहिल्डनं दिवा लावला, कॉफी ओतून घेतली आणि पियानोचं झाकण उघडलं. नवरा तोर्लाइफ गेल्यापासून हीच वेळ तिला खायला उठायची. तो या वेळेला वाजवायला बसे. डावा हात तळातून सूर उचलायचा, उजवा ते अलगद झेलून पार वरपर्यंत उधळत न्यायचा. ती स्वयंपाकघरातून ऐकायची. ‘मलाही शिकव’ म्हणायचं मात्र राहूनच गेलं.

आता शेजारची गुद्नी तिला शिकवत होती. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची.

“अगं, अंगठा हाताखालून सरकव! बटाटे सोलतेयस का?”

“या वयात बोटं ऐकत नाहीत गं.”

“बोटं ऐकतात. तूच घाई करतेस.”

गुद्नी गेली. रग्नहिल्ड एकटीच पुन्हा बसली. चढता चढता नेहमीच्याच जागी अंगठा अडखळला, हात थांबला.

सूर थांबले नाहीत. वरच्या पट्ट्या आपोआप दबत गेल्या... एकेक, हळुवार, अगदी टोकापर्यंत. मग फक्त बाहेर फ्योर्डचं, डोंगरांत शिरलेल्या खाडीचं पाणी धक्क्यावर आपटत राहिलं. खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला. तिच्या अंगावर काटा आला आणि डोळे भरून आले.

“तोर्लाइफ... तूच ना?”

मग हे रोजचंच झालं. ती चुकायची, अर्धी राहिलेली सुरावट कुणीतरी पुरी करायचं. पण सरावानं हात बसत गेला. एके दिवशी सुरांची सगळी लाट तळापासून वरपर्यंत न अडखळता उठली.

“तोर्लाइफच वाजवतोय असं वाटलं!” गुद्नीनं टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर कुणी आलं नाही. घर पुन्हा सुनं झालं. शेवटी रग्नहिल्ड मुद्दाम चुकायला लागली.

“हे काय? सगळं विसरलीस?”

“विसरले,” ती खोटंच बोलली.

त्या संध्याकाळी ती एकटीच वाजवायला बसली, मुद्दाम चुकली आणि वाट पाहत राहिली. तिच्या मनगटावर बोटं टेकली. त्यांनी हलकेच तिचा अंगठा हाताखालून सरकवला. सुखानं तिचे डोळे मिटले.

मग हळूहळू तिला कळलं. तोर्लाइफचा पंजा रुंद होता, वल्ही मारून राठ झालेला. हा हात लहान होता. फारच लहान, एखाद्या मुलाचा असावा तसा.

रग्नहिल्डनं मनगट सोडवून घेतलं नाही. कुणाचा का असेना, घर आता सुनं नव्हतं. डोळे मिटूनच ती पुन्हा चुकली... आणि या वेळी तिच्या डावीकडे, अगदी तळाच्या पट्ट्याही एकेक करून दबू लागल्या.