नावाची जागा

उस्तिन्यानं लीरा पहिल्यांदा मांडीवर घेतली ती बटाट्यांची खुरपणी उरकल्यावर, जूनमधल्या एका दुपारी. पहिलाच सूर असा निघाला की शेजारच्या लुकेर्याची शेळी दावं तोडून पळाली.

"अगं, शेळीला मारायचंच असेल तर सुरी घे की हातात!" लुकेर्या कुंपणावरून ओरडली. "पन्नाशीला आलीस, आणि हे काय मेलं नवीन खूळ?"

उस्तिन्यानं पुन्हा सूर काढला. बाकावर तिच्या शेजारी बसलेले पार्फ्योन आजोबा मात्र पोट धरून हसले.

पार्फ्योन आजोबा जन्मांध. चाळीस वर्षं देस्ना नदीकाठच्या गावागावांतून लीरा वाजवत हिंडले. जर्मनांनी त्यांचं हे गाव, ओल्खोव्का, अर्धं जाळलं त्या हिवाळ्यात सगळं गाव जंगलात लपलं होतं, तेव्हा थंडीनं त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं खाल्ली. तेव्हापासून त्यांची लीरा फडक्यात गुंडाळून पडली होती. ती म्हणजे एक लाकडी पेटी, पोटात चाक असलेली. उजव्या हातानं दांडा फिरवला की चाक तारांवर घासतं, आणि डाव्या हातानं पट्ट्या दाबून गाणं काढायचं. दोन तारा नुसत्या एकच सूर धरून घुमत राहतात. चाकाला राळ लावायची, तारेला लोकरीचा धागा गुंडाळायचा. लोकर जास्त झाली की तार मुकी होते, कमी झाली की किंचाळते. उस्तिन्याचे पहिले तीन आठवडे त्या लोकरीशी भांडण्यातच गेले.

शिकायचं होतं ते एकच गाणं. गावातलं देऊळ जळलं होतं, पाद्री कुठे गेला देव जाणे, आणि मेलेली माणसं तर घरटी दोन-दोन. त्यांच्या आठवणीचा शनिवार नोव्हेंबरात येतो. त्या दिवशी लीरावाला अंगणात बसून एक जुनं गाणं म्हणतो आणि त्याच्या तिसऱ्या ओळीत मेलेल्याचं नाव घालतो. साधी चाल, चढ-उतार फारसा नाही. पण ऐकणारा रडतोच.

"माझ्या ओसिपसाठी शिकवा, आजोबा," उस्तिन्या म्हणाली होती. नवरा तिचा लढाईच्या आधीच खोकून खोकून गेला होता.

ती खोटं बोलत होती. तिला ते गाणं हवं होतं लढाईवर गेलेल्या मुलासाठी, त्रोफिमसाठी, तिच्या त्रोशासाठी. दोन वर्षांपूर्वी सैन्याकडून कागद आला होता, त्यावर एकच शब्द, बेपत्ता. मेला असता तर ती रडून मोकळी झाली असती. जिवंत असता तर वाट बघितली असती. हे असं अधांतरी लटकणं मात्र सोसवत नव्हतं. जेवताना घास हातात तसाच राहायचा, आणि डोक्यात एकच किडा. आहे की नाही?

त्यात लुकेर्यानं एकदा कानात सांगितलं, "मी माझ्या भावाच्या नावानं मेलेल्यांची मेणबत्ती लावली होती. हो, हो, जिवंत भावाच्या! शहरातल्या देवळात जाऊन. तीन आठवड्यांत पत्र. 'ताई, जीव नुसता तुटतोय, झोप नाही.' अशी ओढ लागते बघ त्यांना."

उस्तिन्यानं मग आजोबांना चाचपून पाहिलं. "आजोबा, समजा एखाद्याचा ठावठिकाणाच नाही..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. त्रोशाचंच ना?" आजोबांचा चेहरा उतरला. "मेणबत्ती जळते आणि संपते. लीरेचं तसं नाही, पोरी. हे गाणं माणसाला त्याच्या जागी बोलावतं. मेलेला असेल तर जाऊन निजतो. जिवंत असेल तर त्यालाही त्याच जागेची ओढ लागते, आणि ती ओढ परत फिरवायचं गाणं मला येत नाही. माझ्या गुरूलाही येत नव्हतं. तेव्हा असलं काही मनातही आणू नकोस."

"नाही हो, सहज विचारलं," उस्तिन्या म्हणाली. एवढ्या बोलण्यातला तिनं एकच शब्द उचलला होता, ओढ.

शिकताना नाव घ्यायचं नाही, असा नियम. नावाच्या जागी नुसतं चाक एकदा फिरवायचं आणि पुढे जायचं. जुलै संपेपर्यंत तिची बोटं वळू लागली. चाल बसली. फक्त त्या एका जागी काहीतरी चुकत होतं. चाक फिरत असायचं, पण तार गप्प व्हायची. घुमणाऱ्या तारासुद्धा.

तिनं लोकर बदलली. राळ नवी लावली. हवा दमट असेल म्हणाली, पण त्या उन्हाळ्यात पावसाचा थेंब नव्हता, शेतं करपून चालली होती.

आजोबांनी राहिलेल्या दोन बोटांनी तार चाचपली. "लोकर ठीक आहे," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

ऑगस्टात लुकेर्यानं कुंपणावरून विचारलं, "का गं, वाजवताना मध्येच 'हं?' काय म्हणतेस?"

"मी? कधी?"

"रोज. गाणं थांबतं, तू मान वर करून 'हं?' म्हणतेस, कुणी हाक मारल्यागत. मग पुन्हा सुरू."

उस्तिन्याला यातलं काहीच आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम ओठ घट्ट मिटून वाजवलं. गाणं संपलं तेव्हा तोंड उघडं होतं.

आठवणीचा शनिवार उजाडला. दुपारी तिच्या अंगणात बायका जमल्या, मधात शिजवलेले गहू, राईचा पाव घेऊन. लुकेर्यासुद्धा डोक्याला काळा रुमाल बांधून आली. उस्तिन्यानं एकेकीच्या मेलेल्या माणसांची नावं घेतली. आग्राफेना, झाखार, लुकेर्याचा धाकटा मुलगा नझार. तार एकदाही मुकी झाली नाही. बायका रडल्या, मोकळ्या झाल्या. शेवटी तिनं ओसिपचं नाव घेतलं. आजोबांनी मान डोलावली.

आणि मग, कुणी थांबवायच्या आत, तिनं ती ओळ पुन्हा वाजवली आणि त्रोफिमचं नाव घातलं.

सूर कधी नव्हे इतका स्वच्छ निघाला. तिनं दांडा सोडला. चाक थांबलं.

सूर थांबला नाही. बायका छातीवर क्रुसाची खूण करून उठल्या, लुकेर्यानं वाडगी गोळा केली, विहिरीवर नेली, तोवर तो घुमत होता. मग विरला.

"काय केलंस गं, पोरी," पार्फ्योन आजोबा म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रडत होते.

चाळीस दिवसांनी, डिसेंबरात, बर्फातून एक माणूस गावात शिरला. उस्तिन्यानं त्याला चालण्यावरून ओळखलं. डोक्यावरचा रुमाल कुठे पडला तिला कळलं नाही. धावत जाऊन तिनं त्याला मिठी मारली, त्याचं तोंड कुरवाळलं, हसली, रडली. जिवंत होता! वाळला होता, दाढी वाढली होती, पण त्रोशाच. कपाळावरची लहानपणची खूणसुद्धा जागेवर.

तो हात खाली सोडून उभा होता.

"नमस्कार, आजी," तो म्हणाला. "जरा टेकू का तुमच्याकडे? मला घरी जायचंय. माझी आई वाट बघतेय."

उस्तिन्यानं त्याचा हात धरला.

तिनं त्याला आत नेलं. हे तुझं घर, म्हणाली. ही चूल, हा तुझा बाक. त्यानं सगळं नीट पाहिलं, चांगलं आहे म्हणाला. आईबद्दल विचारलं तर भरभरून बोलला. आई अशी हसते, तिच्या डाव्या हाताला विळ्याचा व्रण आहे. उस्तिन्यानं बाही वर करून व्रण दाखवला. त्यानं मायेनं पाहिलं आणि म्हणाला, "तुम्हालाही लागलंय का, आजी?"

लपवायचं काही त्याच्या मनात नव्हतं. जर्मनांच्या कैदेतून सुटल्यावर आपल्याच लोकांनी, शत्रूच्या हाती सापडला म्हणून, त्याला उत्तरेला कोळशाच्या खाणीवर पाठवलं. तिथे न्यूरा भेटली. एक मुलगी झाली, सहा महिन्यांची.

"आणि मग?"

"मग एका शनिवारी जेवत होतो. चमचा हातात होता. घरी जावंसं वाटलं. उठलो."

"पोर टाकून? नाव काय रे तिचं?"

त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं. "होतं काहीतरी," तो म्हणाला.

उस्तिन्यानं तोंडात शालीचं टोक कोंबलं. "जा, बाळा, तिकडे परत जा," ती म्हणाली. एवढी वर्षं ज्याच्यासाठी देवाशी भांडली त्यालाच ती आता हाकलत होती. "तेच तुझं घर."

"ते नाही," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "घर."

तीन दिवस त्यानं अन्नाला हात लावला नाही. घरी जाऊनच जेवेन, म्हणायचा. दर सकाळी कोट-बूट चढवून दारात उभा. ती हात धरून आत आणायची. तिनं गाणं पुन्हा वाजवलं, उलट वाजवलं, देवाचं नाव घालून वाजवलं. तो कौतुकानं ऐकायचा.

पार्फ्योन आजोबा आले. त्यांनी त्याचा चेहरा चाचपला, मनगट धरलं. "ऊब आहे. नाडी आहे. त्रोशाच आहे."

"मग मला ओळखत का नाही तो?"

"तो आईकडे निघालाय, उस्तिन्या. वाटेत भेटेल त्या बाईला कशाला ओळखेल?"

चौथ्या दिवशी तिनं हात टेकले. पाव शालीत गुंडाळला आणि त्याच्या मागोमाग निघाली.

"मी येऊ सोबत?"

"या की," तो खुशीत म्हणाला. "आई खूश होईल."

गाव संपलं तिथे वाट फुटत होती. डावीकडे स्टेशन. उजवीकडे बर्चच्या झाडांच्या टेकडीवर स्मशान.

तो थबकला नाही. उजवीकडे वळला.

ओसिपच्या क्रुसाभोवती तिनं स्वतः कुंपण घातलं होतं, दोघांना पुरेल एवढं. एक जागा तिची स्वतःची. आत एक छोटा बाक.

त्यानं फाटक उघडलं. बूट काढले, एकावर एक आपटून बर्फ झाडलं, आणि दाराशी ठेवावेत तसे शेजारी शेजारी ठेवले. अनवाणी पायांनी बर्फातून जाऊन बाकावर बसला.

"आलो एकदाचा," तो म्हणाला. किती वर्षांनी तिनं तो चेहरा असा सैल झालेला पाहिला.

"भूक लागली," तो म्हणाला.

तिनं पाव दिला. त्यानं तीन तुकडे केले. एक ओसिपच्या क्रुसापाशी ठेवला. एक स्वतः खाल्ला, अधाशासारखा, बोटं चाटून.

तिसरा त्यानं रुमालात बांधला आणि कुंपणाच्या आतल्या रिकाम्या जागेत बर्फावर ठेवला.

"त्रोशा," ती म्हणाली, "तो मला दे ना रे."

त्यानं तिचा हात हळूच बाजूला केला.

"नको, आजी. तो आईचा आहे." त्यानं मान तिरकी करून वाटेकडे कान दिला, आणि हसला. "येतेच आहे ती. पावलं वाजताहेत बघा."

उस्तिन्या जागच्या जागी उभी होती. तिलाही ती पावलं ऐकू येत होती.