काचेच्या आतून

त्या दिवशी सकाळी विमान धुतलं होतं. आमचं विमान म्हातारं, दोन इंजिनांचं, एक स्ट्रेचर आणि एक नर्स कशीबशी मावेल एवढं. नकाशा दाखवणारा पडदा दुरुस्तीला गेला होता आणि परत यायचं नाव घेत नव्हता. पण धुतल्यावर स्वारी चकाकत होती. मी नेहमीसारखी भोवती फेरी मारली, पंखांवरून हात फिरवला, कुशीतली भोकं पाहिली. ती स्वच्छ होती. आतल्या नळीत पाणी राहिलंय का, हे बाहेरून दिसत नाही.

ही भोकं टाचणीच्या डोक्याएवढी असतात. बाहेरची हवा तिथून आत येते आणि तिच्या दाबावर उंचीचा, चढउताराचा आणि वेगाचा असे तीन काटे चालतात. भोक बुजलं की तिघेही खोटं बोलतात, आणि तेही एकमेकांना सांभाळून घेत.

हे मला मावशीने शिकवलं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. वैमानिक घडवणं हा तिचा धंदा आणि माझी पिसं काढणं हा छंद. उडताना ती बोटातल्या अंगठीने काचेवर तीनदा टकटक करायची. "जागा आहेस का रे?" असं काट्याला विचारायची आणि मग तोच प्रयोग माझ्या कपाळावर. "जिवंत काटा थरथरतो. अगदी गप्प बसला, की त्याच्या मनात काहीतरी आहे समज." अंगठीचा खडा एका बाजूने तुटका होता, त्यामुळे तिच्या विमानातल्या सगळ्या काचांवर ओरखडे पडायचे आणि मेकॅनिक कुरकुरायचे. मागच्या थंडीत ती गेली. अंगठी आता आईच्या कपाटात आहे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते.

स्ट्रेचरवर सात-आठ वर्षांची मुलगी होती, सगळे तिला चिमणी म्हणत. तिच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तयारी झाली होती. रस्त्याने नेलं तर ती पोहोचेपर्यंत टिकणार नाही, असं डॉक्टरांनी तिच्या बाबांना स्पष्टच सांगितलं होतं. विमानात जागा नव्हती म्हणून ते गाडीने मागून निघाले होते. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि सोडायलाच तयार होईनात.

ढगात शिरलो तेव्हा सगळं ठीक होतं. वर गारठा वाढला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की आज उड्डाण फार छान चाललंय. उंचीचा काटा जागचा हलत नव्हता. चढउताराचा काटा शून्यावर, चित्रात काढल्यासारखा. वेग मात्र जरा जास्त दिसत होता, म्हणून मी इंजिनांची ताकद थोडी कमी केली. स्वतःवर खूष झाले, खोटं कशाला बोलू.

मग काचेमागे काहीतरी वाजलं.

टक. टक. टक.

मला वाटलं, एखादा स्क्रू सैल झाला असेल. म्हाताऱ्या विमानाची हाडं वाजायचीच.

"मॅडम," मागून नर्स म्हणाली, "चिमणीचे कान दुखतायत."

"आवंढा गिळायला सांगा तिला," मी म्हणाले आणि तिथेच अडखळले. माझेही कान दाटले होते. खाली उतरताना दाटतात तसे. आणि आम्ही तर सरळ उडत होतो.

मी कंट्रोलरला उंची विचारली. "बरोबर आहे तुमची उंची," तो म्हणाला. त्याच्या पडद्यावर जो आकडा दिसतो तो आमच्याच विमानाकडून जातो, हे मला त्याचं बोलणं संपता संपता आठवलं. माझंच खोटं मला परत ऐकवलं जात होतं.

पुन्हा वाजलं. चढउताराच्या काचेमागून. तीनदा, मग थोडं थांबून पुन्हा तीनदा. ती लय माझ्या कपाळाला पाठ होती.

नळीत राहिलेलं पाणी गोठलं असणार. मी वेगाकडे बघणं सोडलं. इंजिनं वाढवली, नाक वर धरलं. विमान जड झालं होतं. पंखांवर बर्फ होता. किती खाली आलोय आणि डोंगर किती वर आहे, हे कळल्याशिवाय वळायचं तरी कुठे? बाहेरच्याऐवजी केबिनमधल्या हवेवर काटे चालवायची खुंटी असते. मी ती ओढली. ती गंजून बसली होती.

शेवटचा उपाय मावशीचाच. चढउताराची काच फोडायची, म्हणजे केबिनमधली हवा नळीत शिरते.

"सिस्टर, मागचा टॉर्च द्या. पटकन!"

"देते, पट्टा निघत नाहीये."

टक. टक.

तिसरी टक आलीच नाही. काच फुटली.

तिन्ही काटे एकदम थरथरले. उंचीचा काटा खाली, खाली आला आणि थांबला. समोरच्या डोंगराची उंची मला पाठ होती. काटा तिच्याखाली होता.

मी दोन्ही हातांनी सुकाणू ओढलं आणि वळले.

ढग फाटला. पंखाखाली ओले, शेवाळलेले दगड.

मग पुन्हा पांढरं. मग ऊन.

ऑपरेशन संध्याकाळी संपलं. चिमणीच्या बाबांनी फोन केला. नुसतेच रडत राहिले. मीही रडले.

मेकॅनिकने उघडी तबकडी बराच वेळ न्याहाळली. "कशाने फोडलीत?"

"मी नाही फोडली. दाबाने फुटली असेल."

"दाबाने फुटली तर आत फुटेल ना. आत विरळ हवा कोंडलेली, बाहेर दाट. तुमचे तुकडे तर सगळे सीटवर आहेत. आत एकही नाही."

तुकडे मी स्वतःच मांडीवरून झटकले होते.

बरी झाल्यावर चिमणीला घरी सोडायलाही मीच गेले. या खेपेला ती माझ्या शेजारी बसली, गाल भरलेले, तोंडाचा पट्टा चालू. निघण्याआधी मेकॅनिक खिडकीशी आला. नव्या काचेकडे बोट दाखवून म्हणाला, "काल बसवली तेव्हा कोरी होती. आता ओरखडा दिसतोय. पुसून पाहिला, जात नाही. आतल्या बाजूला आहे. बदलू का?"

"राहू दे," मी म्हणाले.