दीड फेरा

गोडदेव नाक्याच्या अलीकडे गाडी चौथ्यांदा बंद पडली, तेव्हा संचिताने हेल्मेट काढलं आणि गाडीला अशी काही शिवी हासडली, की बाजूच्या गॅरेजमध्ये उकिडवा बसलेला तरुण फस्सकन हसला.

"शिव्या देऊ नका मॅडम. म्हातारी माणसं मनाला लावून घेतात."

"हसू नका! माझ्या डब्यात अकरा जणांचं रक्त आहे."

त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. तो बिचारा दोन पावलं मागेच सरकला. संचिताला आता हसू आवरेना.

"अहो, लॅबमध्ये काम करते मी. घरोघरी जाऊन सॅम्पल घेते. नऊच्या आत मीरा रोडला पोचले नाही, तर अकरा उपाशी माणसांना उद्या पुन्हा सुई टोचावी लागेल."

तो लगेच गाडीपाशी बसला. साईराज त्याचं नाव, गॅरेजच्या पाटीवरच होतं. बोटं काळी, पण नखं कापलेली... संचिताचं लक्ष उगाचच तिकडे गेलं.

"थंड असताना बंद पडते, की तापल्यावर?"

"तापल्यावर. सिग्नलला हळू केली, की."

"आणि चोक?"

"ओढूनच ठेवते. नाहीतर चालूच राहत नाही."

"कधीपासून?"

"दोन महिने."

त्याने कपाळाला हात लावला. मग प्लग काढून तळहातावर धरला. कोळशासारखा काळा.

"तुम्ही रक्त बघता, आम्ही प्लग बघतो. काळा, म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढराफटक, म्हणजे उलटं. चहाच्या रंगाचा आला, की तब्येत ठणठणीत. गाडी बरेच दिवस उभी होती ना?"

"दोन वर्षं. बाबांचा गुडघा गेला, तेव्हापासून. तुम्हाला कसं कळलं?"

त्याने कार्बोरेटर उघडला आणि त्यातून पितळेचा एक इवलासा जेट काढून आकाशाकडे धरला. "उभ्या गाडीत पेट्रोल सुकून हे भोक बुजतं. बघा, आरपार दिसतंय काही?"

तिने एक डोळा मिटला. बघण्यासाठी जवळ जावं लागलं, बरंच जवळ. मिठागरांवरून येणारा खारट वारा, पेट्रोलचा वास, आणि कानाशी त्याचा श्वास...

"काहीच नाही," ती म्हणाली.

त्याने जेट धुतला, फुंकला, पुन्हा धरला. "आता?"

"दिसतंय," संचिता म्हणाली. पण ती जेटकडे बघत नव्हती.

सगळं जोडून झाल्यावर त्याने एअर स्क्रू पूर्ण बंद केला आणि मोजत उघडला. "एक... दीड. बास. हिला एवढीच हवा लागते." मग पांढऱ्या रंगात बुडवलेली काडी त्याने आत कुठेतरी टेकवली. संचिता तेव्हा घड्याळ बघत होती.

नऊला पाच कमी असताना रक्त लॅबमध्ये पोचलं. गाडी इतकी झकास चालू लागली, की दहा दिवस गॅरेजमध्ये जायला काही निमित्तच मिळेना. अकराव्या दिवशी, सांगायलाही लाज वाटते, पण आमच्या या शहाण्या मुलीने बिल्डिंगखाली बसून बाबांच्या स्क्रू ड्रायव्हरने तो एअर स्क्रू अर्धा फेरा आत फिरवला.

"परत?" साईराज म्हणाला.

"परत," संचिता निरागसपणे म्हणाली.

तो वाकला, आत डोकावला, "हं" म्हणाला आणि उठून आधी चहा सांगितला. काम दोन मिनिटांचं आणि चहा अर्ध्या तासाचा. महिन्यात असं चार वेळा झालं.

"तुमचा रिपोर्ट काय म्हणतो मग?" एकदा तिने विचारलं.

"जुनाट आजार आहे मॅडम. अधूनमधून दाखवायला लागेल."

पण घरी दशरथरावांचा, म्हणजे तिच्या बाबांचा संयम संपला. शनिवारी रात्री जेवताना ते म्हणाले, "चार वेळा करून तेच! त्या पोराला काही येत नाही. उद्या वसईचा माणूस येतोय, गाडी देऊन टाकतो. आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय मी, त्या गॅरेजमध्ये कोणी जाऊ नका म्हणून."

संचिताने हातातला घास ताटात ठेवला. साईराजचं निम्मं गिऱ्हाईक त्यांच्याच सोसायटीतलं होतं.

रविवारी सकाळी बाबा स्वतः तिच्या मागे बसून गॅरेजमध्ये आले आणि त्यांनी साईराजला फैलावर घेतलं. तो खाली मान घालून उभा राहिला.

"चुकलं काका. माझ्याकडूनच काहीतरी राहतंय."

ते मात्र संचिताला सहन झालं नाही. "त्यांचं काही चुकलेलं नाही, बाबा! स्क्रू मी फिरवते."

"तू? कशाला?"

"इथे यायला." तिचे कान तापले. "मला... मला हे आवडतात."



"माझाच स्क्रू ड्रायव्हर!" बाबा एवढंच पुटपुटले. मग साईराजकडे वळले. "आणि तुला कळलं नाही? कसला रे मेकॅनिक तू?"

साईराजने खाली बसून कार्बोरेटरवरची धूळ पुसली. स्क्रूवर एक पांढरा ठिपका होता, कडेला दुसरा. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना.

"मी जुळवलेला स्क्रू कोणी हलवला, तर कळावं म्हणून ही खूण करतो, काका. दीड फेऱ्यावर दोन्ही समोरासमोर येतात. मला पहिल्याच वेळी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस? शिव्या खात उभा राहिलास!"

घाबरला, की साईराजची गोडदेवची बोली बाहेर पडायची. "बोललो असतो तर मॅडम परत आल्या नसत्या... आणि त्या याव्यात, असं मला बी वाटत हाय."

बाबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, खुर्ची ओढून बसले आणि मोबाईल काढला. वसईच्या माणसाला नको म्हणून कळवलं. मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "ग्रुपवर काय लिहू?"

"लिहा," संचिता म्हणाली, "मेकॅनिक चांगला आहे, गिऱ्हाईक लबाड."

साईराजने दोन्ही ठिपके समोरासमोर आणले. गाडी संथपणे चालू राहिली, बंद पडायचं नावच घेईना. संचिता त्याच्या शेजारी वाकली.

"आता मी कुठलं निमित्त काढून येऊ?" तिने हळूच विचारलं.

"निमित्त कशाला?" स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकत तो म्हणाला. "नुसतीच ये ना..."