हॅना टटलच्या नावची जमीन

फोन आला तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते. आदल्या दिवशी एकादशी होती, बेसमेंटमध्ये पद्मजाचं कीर्तन झालं होतं, आणि तिचा घसा अजून बसलेलाच होता.

"पद्मा, पान गेलं," पलीकडून मार्जरी म्हणाली. "बायबलमधलं. कुणीतरी कापून नेलंय. बोटांना नुसती कड लागतेय."

"हात लावू नकोस कशाला. आलेच."

शरदचंद्रांनी चहाच्या कपावरून बायकोकडं पाहिलं. "अगं, रस्त्यावर आइस आहे. विंटर टायर लावायचे राहिलेत, आणि तू निघालीस दोनशे वर्षांच्या भुतामागं."

"हळू चालवते, अहो. तेवढा ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करा."

मार्जरी हॅलम आणि पद्मजा कॅनडातल्या लंडन शहरातल्या एका इस्पितळात, रेकॉर्ड विभागात, अठरा वर्षं शेजारी बसल्या होत्या. मार्जरी आता शहात्तरची, एकटी. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. म्हणून शहराबाहेरचं वडिलोपार्जित फार्म तिनं विकलं होतं. घरामागं मेपलच्या झाडाखाली एक बिननावाचा दगड होता. तिथं थडगं असल्याचा कागद शुक्रवारपर्यंत टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पंचायतीच्या, माणसाला दाखवला, तर तेवढा तुकडा राखला जाणार होता. नाही तर त्यावरून बिल्डरचा रस्ता. आज बुधवार होता.

स्वयंपाकघर थंड होतं. टेबलावर ते जाडजूड बायबल उघडं पडलं होतं. अशा घरगुती बायबलात कुटुंबातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी लिहीत; नेमकं तेच पान शिवणीलगत कापलेलं. पद्मजानं उरलेल्या कडेवरून बोट फिरवलं. पट्टी लावून, धारदार पात्यानं, एका दमात.

"हे तुझ्याकडं कधीपासून आहे?"

"रविवारपासून. माळ्यावरच्या पेटीत सापडलं. मला वाचता येईना, म्हणून आज तुला बोलावणार होते."

"म्हणजे या पानावर काय होतं, ते तुलाही माहीत नाही."

"नाही."

"मध्ये कोण आलं होतं?"

"ग्लेन सोमवारी, विक्रीचे कागद घेऊन. विल्फ काल, सूप घेऊन." विल्फ तिचा थोरला भाऊ, ग्लेन त्याचा मुलगा; विक्रीची दलाली ग्लेनकडंच होती. मार्जरी जरा थांबली. "पद्मा, आजी म्हणायची की त्या दगडाखाली कुणी सैनिक आहे. पण आजीनं या चुलीपाशी एका लहान पोरीचं गुणगुणणं ऐकलं होतं. आईनंही. मी तर सत्तर वर्षं ऐकतेय. गाणं पुरं होत नाही कधी. आता तिच्या अंगावरून ट्रक जाणार."

पद्मजानं वळून पाहिलं. चुलीपाशी कुणीच नव्हतं.

दहाच्या सुमारास ग्लेन आणि विल्फ दोघंही आले. ग्लेन बूट न काढताच आत शिरला.

"माझ्याकडं का पाहताय, आंटी?" तो हसला. "रस्ता अडला तर माझं नुकसान आहे, कबूल. पण मी अख्खं पुस्तक उचलून डंपमध्ये टाकलं असतं. असं सरळ रेषेत पान कापत बसायला मला वेळ कुठंय?"

"हे मात्र पटतं," पद्मजा म्हणाली.

विल्फ खुर्चीत बसला होता. आयुष्यभर त्यानं तसबिरी मढवण्याचं दुकान चालवलं होतं. त्याच्या दिवाणखान्यात एकच तसबीर मधोमध असे: हॅलम घराणं एझ्रा टटलचे थेट वंशज असल्याचं प्रमाणपत्र. न्यूयॉर्कच्या सरहद्दीवरच्या जंगलातला एझ्रा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूनं लढला, आणि सतराशे शहाण्णव साली बायकापोरं घेऊन इथं आला.

"मार्ज, सोडून दे आता," विल्फ म्हणाला. "नऊ वर्षांच्या पोरीसाठी रस्ता वळवतं का कुणी?"

पद्मजानं त्यांना दारापर्यंत पोचवलं. दोघं गेल्यावर तिनं बायबल खिडकीशी नेलं. कापलेल्या पानासमोरचं पान कोरं होतं, पण त्यावर तपकिरी सावली पडली होती. जुनी शाई दोनशे वर्षं दाबून राहिली, की समोरच्या कागदात उतरते. उलटी. पद्मजानं पर्समधला आरसा काढला.

आरशात अक्षरं हळूहळू सुलट झाली. ती मोठ्यानं वाचू लागली. "हॅना, आमची एकुलती मुलगी. वय नऊ. ताप. मेपलखाली ठेवली. जानेवारी, सत्त्याण्णव." त्याखाली आणखी तीन ओळी होत्या, पण पुसट.

"असं होणार नाही," मार्जरी म्हणाली. "आम्ही हॅनाचेच वंशज. राजनिष्ठांच्या मुलींना एकविसाव्या वर्षी दोनशे एकर मिळत. ही जमीन अठराशे आठ साली हॅनाच्या नावावर झाली. सरकारी नक्कल आहे माझ्याकडं."

"मग घरात दुसरी कुणी, एखादी सून, असेल, आणि लग्नात तिचं नाव हॅना ठेवलं असेल. मी माहेरची सुशीला, सासरी पद्मजा झाले."

मार्जरी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "आमच्याकडं नवरा फक्त आडनाव बदलतो गं. आणि जमीन मिळाली तेव्हा तिचं लग्नही व्हायचं होतं."

पद्मजा आरसा हातात धरून उभीच राहिली. मग तिनं विल्फला फोन केला.

तो तासाभरात परत आला. पद्मजा चुलीकडं पाठ करून उभी होती. महत्त्वाचं काही सांगायचं तर तिला बसून जमत नसे, कीर्तनाची सवय.

"आधी पूर्वरंग," ती म्हणाली. "ज्याला रस्ता हवा, तो पुस्तक नाहीसं करील. इथं एकच पान गेलंय, तेही जराही न फाटता. म्हणजे नेणाऱ्याला ते लपवायचं होतं, मोडायचं नव्हतं. पात्याचा असा हात तसबिरी मढवणाऱ्याचा असतो."

विल्फनं कोटाची बटणं लावून घेतली.

"आता गोष्ट. या घरात सगळे म्हणतात, दगडाखाली सैनिक आहे. मार्जरी म्हणते, लहान मुलगी आहे. पण तुम्ही म्हणालात, नऊ वर्षांची. हे वय फक्त त्या पानावर होतं, विल्फ."

"आणि का नेलं?" मार्जरीनं विचारलं.

"एझ्राची एकुलती मुलगी नवव्या वर्षी गेली. एकविसाव्या वर्षी जमीन घेणारी हॅना कोणी दुसरीच होती. तुमचं रक्त तिचं. मग ते प्रमाणपत्र भिंतीवर राहत नाही."

मग विल्फनं कोटाच्या आतून दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेलं पान काढलं.

"जाळायला घेतलं होतं," तो म्हणाला. "हात धजावला नाही."

पद्मजानं खालच्या तीन ओळी वाचल्या. एझ्राच्या बायकोचं अक्षर होतं. "मार्चमध्ये एक मुलगी दाराशी आली. तिची सगळी माणसं बोटीवर तापानं गेली. स्वतःचं नाव सांगत नाही, नुसती गुणगुणते. आम्ही तिला हॅना म्हणतो."

मार्जरी चुलीकडं वळली. "म्हणजे चुलीपाशी जी आहे, ती दगडाखालची नाहीच. ती माझी आहे. आणि तिचं नाव कुठंच नाही."

पद्मजानं मार्जरीचा हात हातात घेतला.

शुक्रवारी टाउनशिपचा माणूस आला. बर्फात उभं राहून त्यानं पान पाहिलं, फोटो घेतला, फॉर्म काढला.

"मृताचं नाव?"

"हॅना टटल. वय नऊ."

"अर्जदाराशी नातं?"

मार्जरी गोंधळली. "नातं असं नाही. तिच्या नावावर आम्ही जगलो."

"तसा रकाना नाही, मॅडम. कोरा ठेवू?"

"कोरा नको," मागून विल्फ म्हणाला. टोपी काढून तो दगडापाशी येऊन उभा राहिला. "आमची जी मूळ बाई, तिची ही बहीण. बहीण लिहा."