आमसुलाच्या पाण्यातलं शिसं

"माणसाने समुद्रात फेकलेलं प्लास्टिकच यापुढे समुद्राचं रक्षण करील!" खारवण्याच्या खाडीत उभं राहून डॉ. वसुमती तांडेलने घोषणा केली आणि पुढचं पाऊल टाकलं. चप्पल चिखलातच राहिली. टाळ्या वाजवाव्यात की चप्पल शोधावी, हे न कळून सरपंचांनी दोन्ही अर्धवट केलं.

खाडीत शिसं सापडल्यापासून तिथल्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, विकायला बंदी होती. त्या वेचून विकणाऱ्या वसुमतीच्या सासूबाई, चंपूबाई, तेव्हापासून दिवसभर घरी असत आणि सुनेच्या स्वयंपाकावर देखरेख करीत. प्रदूषणाचा हा परिणाम कुठल्याही अहवालात आलेला नव्हता.

वसुमतीने शिशावर उपाय म्हणून शोषपिशवी शोधून काढली. नवं प्लास्टिक गुळगुळीत; त्यावर धातू फारसा टिकत नाही. पण उन्हाने आणि लाटांनी वर्षानुवर्षं झिजवलेल्या बारीक कणांना भेगा पडतात, वर बुळबुळीत थर चढतो, आणि पाण्यातलं शिसं त्यांना येऊन चिकटतं. असे कण भरलेल्या पिशव्या तिने खाडीभर टांगल्या होत्या. आज शिसेमापकाचा काटा हिरव्यात आला. आता तिने होकार कळवला की बंदी उठणार होती. चंपूबाईंनी टोपली झटकूनसुद्धा ठेवली.

वसुमती घरी पोचली तर अंगणात घमेलं, घमेल्यात आमसुलाचं पाणी आणि त्यात तिने तपासायला आणलेल्या दोन पिशव्या.

"आई, हे काय केलंत?"

"बुळबुळीत जाळं आमच्यात कोणी परत पाण्यात टाकीत नाय गो. तांब्याचा हंडा आमसुलानंच लख्ख निघतो ना?"

वसुमतीने मापक घमेल्यात बुडवला. काटा थेट लालमध्ये! आम्लात धातू सुटतो हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. इतका झटपट सुटेल असं वाटलं नव्हतं. ती एका चपलेनिशी अंगणात नाचली. शिसं वेगळं निघणार, पिशव्या पुन्हा वापरता येणार!

तिचा नाच संपेपर्यंत चंपूबाई विचार करीत होत्या. "म्हणजे आंबटात शिसं सुटतं. मग पोटात काय होत असेल गो? तिथंही आंबटच की."

वसुमतीने मापकाच्या काट्याकडे पुन्हा पाहिलं. खाडीचं पाणी हिरव्यात होतं खरं; पण तिसऱ्या पाणी गाळून जगतात, आणि गाळताना पाण्यात सुटे फिरणारे तसलेच झिजलेले कण शिशासकट गिळतात. त्यांना मापकाने विचारलंच नव्हतं. आणि बंदीपूर्वी ताटं भरभरून तिसऱ्या खाल्लेल्या अख्ख्या गावाच्या पोटात काय काय सुटलं असेल?

तिने होकाराचा तयार निरोप पुसून टाकला. "बंदी इतक्यात नाही उठायची, आई. आधी तिसऱ्या आंबटात भिजवून बघायला हव्यात."

चंपूबाईंनी टोपली पुन्हा खुंटीला अडकवली.

"मग बाजारातून आमसुलं जरा जास्तीची आण. कढीलासुद्धा नाय उरली."