लीड्सच्या घरातली पिवळी ज्योत

"चला, पुन्हा बर्फात!" मायराने हातमोजे चढवले, पण विहान डोकं धरून जिन्यातच बसला होता.

"माझा डोका परत दुखतोय," तो म्हणाला. लंडनच्या वेम्बलीत वाढलेल्या विहानचं मराठी हे असंच!

"सकाळी पार्कमध्ये तर ठणठणीत होतास!" त्याची ताई अन्वी म्हणाली. "माझंही तेच. घरात शिरलं की दुखतं, बाहेर पडलं की थांबतं."

ख्रिसमसच्या सुट्टीत दोघं लीड्सला सुहासिनीमावशीकडे आली होती. मायरा मावशीची मुलगी. मावशी मात्र कालपासून वर झोपून होती. फ्लू झालाय, असं मायराचे बाबा, परीक्षितकाका, म्हणत होते.

"फ्लू काय आपण बाहेर पडलो की घरीच थांबतो?" अन्वी पुटपुटली आणि स्वयंपाकघरात गेली.

घर तापवणारा गॅसचा जुना बॉयलर घुरघुरत होता. काल रेडिएटर गार पडले, तेव्हा काकांनी प्रेशरचा काटा उतरलेला पाहून व्हॉल्व्ह फिरवला होता, पाणी भरलं होतं. तेवढं घरी करता येतं. पण आज? अन्वीने बॉयलरच्या इवल्याशा काचेतून पाहिलं. ज्योत निळी नव्हती. पिवळीजर्द, लवलवती! बाजूला काजळी. आणि भिंतीतल्या हवेच्या जाळीवर जाड चिकटपट्टी!

ती काकांकडे धावली. पिवळी ज्योत म्हणजे विषारी वायू, फायर ब्रिगेडच्या बाईंनी शाळेत येऊन हेच तर सांगितलं होतं!

"काका, कार्बन मोनॉक्साइड! त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही! जाळी कुणी बंद केली?"

"मीच. गार वारा येत होता," सोफ्यावर पेंगत काका म्हणाले. "खिडक्या उघडू नका हं, सगळी ऊब जाईल."

"बाबा, गॅस इंजिनिअरला बोलवा ना!"

"मी इंजिनिअरच आहे!"

"सॉफ्टवेअरचे!" मायरा ओरडली.

काकांचे डोळे पुन्हा मिटू लागले. अन्वीने विहानला खूण केली. तो दाराबाहेर धावला आणि किंचाळला, "काका! तुमचा गाडीचा चाकाला कुणीतरी क्लॅम्प लावतोय!"

काका धडपडत उठले आणि झोकांड्या खात, सपाता घालूनच रस्त्यावर गेले!

अन्वीने बॉयलर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि मायरामागोमाग वर धावली.

"आई! आई, ऊठ ना!"

मावशी हलेना. चेहरा पांढराफटक. मायराला रडू फुटलं.

"रडू नकोस, धर!" अन्वीने मावशीच्या खांद्याखाली हात घातला. दोघींनी तिला कसंबसं बसवलं. मावशी नुसती कण्हली. पाय चिंधीसारखे लोंबत होते. दोन्ही बाजूंनी तिला धरून एकेक पायरी उतरताना अन्वीला वाटत होतं, आता आपणही पडणार!

बाहेर येताच बोचरी हवा लागली. मावशीने मोठ्ठा श्वास घेतला. ती खोकली आणि पुटपुटली, "मायरा... थंडी वाजतेय गं."

मायराने तिला घट्ट मिठी मारली. काका फुटपाथवर डोकं धरून बसले होते.

विहानने शेजारच्या नीना आंटींचं दार बडवलं होतं. त्यांनी अँब्युलन्स आणि गॅसचं इमर्जन्सी पथक बोलावलं. पथकाच्या इंजिनिअरचं यंत्र दारातच कर्कश वाजू लागलं! धुराचा पाइप काजळीने तुंबला होता आणि जाळी बंद असल्याने ताजी हवाही मिळत नव्हती. त्याने गॅसचा पुरवठा तोडला.

"आणखी थोडा वेळ गेला असता तर..." त्याने यंत्र बंद केलं. "शाब्बास, मुलांनो!"

हॉस्पिटलमध्ये सगळ्यांचीच तपासणी झाली. मावशी ऑक्सिजन घेत होती. तिच्या गालांवर रंग परतला होता. शेजारच्या खाटेवरून काकांनी मास्क बाजूला केला.

"पोरांनो," ते म्हणाले, "तुम्ही माझं ऐकलं नाहीत, म्हणून आज आम्ही आहोत!"